विमल, तू कापून ठेवलेलं पोलकं

अगं ए विमल, इकडे ये. अशी लांब उभी राहू नकोस, जवळ ये, ह्या पोत्यावर बस. काय हे तुझं वागणं? मला म्हणालीस, आक्का, चहा टाक. मी आत गेले, आलं ठेचलं, गवती चहाची पात घातली, कप घेऊन बाहेर ओट्यावर आले तर तू भिंतीला टेकून बसलेली. मशीनखाली कापड तसंच, सुई कापडात रुतलेली. सुई खाली ठेवून मशीन सोडायचं नाही, असं शिकायला येणाऱ्या एकेका पोरीला तू टपली मारून सांगायचीस. आणि स्वतः? अर्ध्या शिवणीवरून उठून गेलीस. असं करतात का कुणी?

तोंड फिरवू नकोस, मी रागावणारच. रडायचं ते रडून झालं माझं. आता रडू येत नाही, शिसारी येते. तू गेल्यापासून मी जे जे बघितलं ते दुसऱ्या कुणाला सांगावं तर म्हणतील, म्हातारीला कापडाच्या चिंध्यांचं वेड लागलंय. म्हणून तुलाच लिहिते. आपण दोघी बोलायचो अहिराणीत, पण कागद पुढ्यात घेतला की माझ्या हातून ही पुस्तकातली मराठीच उतरते. तेवढं चालवून घे.

आधी तुझ्या अंगावरच्या पोलक्याचं सांगते.

तुला आंघोळ घातली तेव्हा खोलीत आम्ही बायाच होतो. तुझी लेक मनीषा, सून ज्योती, मी, शेजारच्या एकदोघी आणि तुझी सुरतवाली भावजय. माहेरचं कापड आणायचा मान तिचा. येताना नंदुरबारला गाडी थांबवून दुकानातून घेतलेलं. साडी बरी होती, खोटं कशाला बोलू. पण पोलकं तयार. मी ते उलटं करून बघितलं. आतल्या कडा मोकळ्या, बोट लावलं की दशा सुटत होत्या. बाहीला सोनेरी लेस, ती शिवलेलीसुद्धा नाही, चिकटवलेली, तिचा वास येत होता. हुकं एकाच टाक्यावर लोंबकळत होती. मेलेल्या माणसाच्या अंगावर चढवायला तरी शिवून आणा की गं!

तुझा हात कोपरापुढे जाईना. जाणार कसा? ती बाही कुणा काडीसारख्या पोरीची. भावजय म्हणाली, "कातर द्या." ज्योतीनं स्वयंपाकघरातली दिली, दुधाची पिशवी कापायची. तिला खोबरेल का कसलं तेल लागलेलं होतं. भावजयीनं ते पोलकं पाठीमागून वरपासून खालपर्यंत टराटरा कापलं आणि तुझ्या पुढून नुसतं अडकवलं. लहान लेकराला लाळेरं बांधतात ना, तसं.

मी म्हटलं, "थांबा वं बायांनो. तिच्या मापाचं पोलकं माझ्या घरात आहे, मागच्या दिवाळीचं. भिंतीपलीकडे तर जायचंय, आत्ता आणते."

"आते कोन देखस वं आक्का?" भावजय म्हणाली. "आते ती काय आरसामा देखाव शे का?"

आणि त्या खोलीत कुणीतरी हसलं, विमल. फार नाही, नाकातल्या नाकात. पण हसलं. मला इतकी किळस आली की मी हातातला तांब्या खाली ठेवला आणि बाहेर येऊन उभी राहिले.

पंचक्रोशीतल्या बायांच्या पाठी झाकण्यात तुझा जन्म गेला. कुणाच्या पाठीला पोक होतं, ते दिसू नये म्हणून तू गळा थोडा वर घ्यायचीस. कुणाचा एक खांदा उसाच्या मोळ्या वाहून उतरलेला, तिथे आतून कापडाची घडी भरायचीस. आणि तू स्वतः गेलीस ती उघड्या पाठीनं. साडीखाली होतं, कुणाला दिसलं नाही. मला माहीत होतं ना पण. मनीषाला माहीत होतं. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती, पदर असा छातीशी आवळून.

जाऊ दे. नाही, जाऊ दे तरी कशी?

तुझं माझं कधी पटलं होतं का, सांग बरं. एकाच ओट्यावर दोन मशिनी, मधे मीठमिरचीच्या डब्याएवढी जागा, आणि दिवसभर भांडण. मला कुणी शिकवलं नव्हतं. मी माझ्या सासूचं एक जुनं पोलकं उसवलं, एकेक तुकडा वर्तमानपत्रावर ठेवून खडूनं भोवती रेघ मारली आणि शिकले. म्हणून माझा भरवसा मापाच्या पोलक्यावर. बाईनं आपलं जुनं अंगावरचं पोलकं आणून द्यावं, मी त्यावरून दुसरं कापावं. तुझं उलटं. तू टेप गळ्यात घालूनच जन्माला आली होतीस. बाई दारात दिसली की तू उठून तिच्या काखेत टेप घालायचीस.

"आक्का, जुनं पोलकं म्हणजे मागच्या वर्षीची बाई," तू म्हणायचीस. "तिला कशाला शिवतेस? ही समोर उभी आहे तिला शीव."

आणि मी म्हणायची, "अगं, टेपापुढे बाई श्वास ओढून उभी राहते. खोटं बोलते. जुनं पोलकं खोटं बोलत नाही. कुठे घामानं विरलं, कुठे काखेत फाटलं, कुठला हूक कधी लावलाच नाही, सगळं सांगतं."

सारंगखेड्याच्या यात्रेतला तो घोडेवाला आठवतो? त्याला घोडीसाठी झूल शिवून हवी होती, आरसे लावलेली. आपल्या ओट्यापाशी येऊन त्यानं विचारलं होतं, "बाई, घोडीले पोलकं शिवतस का?" अर्धी झूल आक्काकडे दे, अर्धी मी घेते, असा हट्ट तू त्याच्यापाशी धरलास. मी त्याची जुनी झूल मागितली. तू टेप घेऊन निघालीस थेट घोडीपाशी. तो बिचारा लगाम धरून सांगतोय, "मन्ही घोडी लाजाळू शे, बाई," आणि तू तिच्या पोटाखालून टेप काढतेस! घोडीनं टेपाचं टोक चावून खाल्लं. त्या दिवसापासून तुझ्या टेपाला सुरुवातच नव्हती. तरी तू नवा घेतला नाहीस. डोक्यातल्या डोक्यात वजा करायचीस, आणि कधी चुकायची नाहीस, मेली.

झूल घोडीवर चढली तेव्हा तुझी बाजू अशी बसली जशी काही कातडीच. माझी बाजू ढगळ. सगळे मला हसले. मग ढोलकं वाजायला लागलं, घोडी मागच्या पायांवर नाचायला लागली आणि तुझी बाजू काटकन उसवली. माझी तशीच राहिली, कारण जुन्या झुलीला मागे एक तिरकी पट्टी होती, ती मी जशीच्या तशी घेतली होती. मी म्हटलं, "बघ! तू उभ्या घोडीचं माप घेतलंस. ती उभी राहण्यासाठी थोडीच आहे." तू म्हणालीस, "आणि तुझी झूल दुसऱ्या घोडीची आहे." आणि तो वाद तिथून सुरू झाला तो काही संपला नाही. चहाच्या आधी त्या दिवशीसुद्धा तेच चाललं होतं. संपवून तरी जायचं.

आता ऐक, तुझ्या कात्रीचं.

ती मोठी कात्री, यात्रेत लोहाराच्या पालावरून घेतलेली. पितळी मुठीला तू चिंधी गुंडाळली होतीस. तिनं कागद कापला तरी तू डोकं फोडायला उठायचीस. कागदानं धार मरते, आणि मेलेल्या धारेची कात्री कापड कापत नाही, चावते. पोरींना तू आधी हेच शिकवायचीस. कापड कापताना कात्री पूर्ण मिटायची नाही, टोकापर्यंत जायचं नाही, खालचं पातं फळीला टेकलेलं ठेवायचं, म्हणजे कापड उचललं जात नाही. ह्या गोष्टी साध्या आहेत, पण हाताला लागायला वेळ लागतो. तू कधी कंटाळली नाहीस सांगायला.

मी तुला आडवळणानं सांगत बसत नाही, सरळ सांगते. तुझा मुलगा त्या कात्रीनं केळीतली ठिबकची नळी कापत होता. शेतातून घेऊन आला, पात्यांवर चिखल, आणि मुठीवरची चिंधी काढून फेकलेली, हाताला रुतते म्हणाला. मी ती हिसकावून घेतली. तो म्हणाला, "आक्का, लोखंडच तं शे ते." हो रे बाबा, लोखंडच आहे. तुझी आईसुद्धा नुसती हाडंच होती, तापीकाठी नेऊन जाळलीस. असं ओठांवर आलं होतं, गिळलं.

तुझा टेप ज्योतीनं टाकून दिला. तुटका होता म्हणे. आता तिला काय सांगू, कुणी तोडला ते.

ज्योती वाईट नाही, हे मी तुझ्यासाठी लिहिते. ती रडली, खरोखर रडली. पण तिला तुझ्या वस्तू म्हणजे पसारा वाटतो. खडूचे तुकडे, बॉबिनी, ते बोटात घालायचं अंगुस्तान, उरेब कापून गुंडाळून ठेवलेल्या पट्ट्यांची भेंडोळी. तिरकं कापलेलं कापड ताणतं म्हणून गळ्याच्या गोलाईला बसतं, हे तिला तू कितीदा दाखवलंस. तिनं त्या पट्ट्या टोमॅटोची रोपं बांधायला घेतल्या. बरं, त्या कामालाही चांगल्याच आहेत म्हणा.

आणि गंधमुक्तीचा दिवस, सुतक फिटायचा! तुझ्या फोटोपुढे ब्लाऊजपिसांचा ढीग लागला होता. येणारी प्रत्येक बाई आपली पिशवीतून एक काढते आणि घरातल्या बायांच्या ओटीत टाकते. तू ह्या ब्लाऊजपिसांना काय म्हणायचीस ते मी लिहीत नाही, पोरीबाळी वाचतील. चिमटीत धरलं तर पलीकडचं दिसतं, पाण्यात घातलं तर रंग सोडतं, आणि लांबी इतकी की बाह्या काढल्या तर पाठ उरत नाही. कुणीच ती शिवत नाही. ह्या घरातून त्या घरात, बारशातून बाराव्यात, फिरत राहतात. मी ढिगातून एक हिरवं उचललं, तर त्याच्या कोपऱ्याला हळदीचा डाग. तो डाग माझ्याच बोटाचा! माझ्या पुतणीच्या हळदीला मी ते कुणाला तरी दिलं होतं, आता तुझ्या फोटोपुढे येऊन बसलं. सारा जिल्हा हिंडून आलं असेल. जिनं आयुष्यभर ज्याच्यावर थुंकलं, त्याच्याच ढिगाऱ्यात तिचा फोटो. मला हसू आलं, आणि लगेच इतका वीट आला की मी जेवले नाही. वरण, बट्टी, वांग्याची भाजी सगळं पुढ्यात, आणि घास वर जाईना.

खरं सांगायचं ते आता सांगते. एवढा वेळ त्याच्याभोवतीच फिरतेय.

जेवणं झाली, बाहेरची माणसं पांगली. भावजय म्हणाली, सामान आवरून घेऊ, म्हणजे ज्योतीला खोली मोकळी होईल. मशीनच्या खणातून तिनं एक गाठोडं काढलं. अबोली रंगाचं सुती कापड, कापलेले भाग, वर कापडाच्याच दशीनं बांधलेलं. तुझी गाठ. तिनं ती सोडली, एकेक तुकडा वर धरून बघितला, आणि हसायलाच लागली.

"देखा वं, देखा! ताईनी नजर गयेल व्हती. एक बाजू मोठी, एक लहान. आणि ह्या बाह्या! एकीत दोन हात मावतील."

शेजारणी वाकून बघायला लागल्या. ज्योती म्हणाली, द्या इकडे, पंखे पुसायला होईल. कुणी म्हणालं, बिचारी, शेवटी शेवटी हातून असंच होतं. आणि मी त्या तुकड्यांकडे बघत होते.

उजव्या बाजूच्या पुढच्या भागाला तू खडूनं छातीच्या गोलाईचे टक्स आखलेले, जसे नेहमी आखतेस. डाव्या भागाला एकही टक नाही. सपाट. छातीकडे कमी केलेला. त्याला आतून मलमलीचं अस्तर, आणि अस्तर दुहेरी, काखेकडून उघडं ठेवलेलं, खिशासारखं. ते मलमल तुझ्या जुन्या पांढऱ्या साडीचं, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं. डावी बाही रुंद, काख खोल. आणि डाव्या बाजूच्या सगळ्या शिवणींच्या खुणा तू उलट्या केल्या होत्यास, म्हणजे शिवणीची कड अंगाला न लागता बाहेर यावी अशा.

नजर गेलेल्या बाईचं काम नव्हतं ते.

मी मनीषाकडे बघितलं. ती दाराशी बसली होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, डावा हात मांडीवर. हात सुजलेला होता, बांगडी रुतलेली. हिची गाठ काढली, धुळ्याला ऑपरेशन झालं, एवढंच तू मला सांगितलं होतंस. गाठ. एवढा एकच शब्द. त्यापुढे मी विचारलं की तू मशीन चालवायला लागायचीस, जोरात, म्हणजे मला ऐकू येऊ नये. आपल्या इतक्या वर्षांत तू माझ्यापासून दुसरं काही लपवलं असशील असं मला वाटत नाही.

आणि ती भावजय तो डावा तुकडा स्वतःच्या छातीवर लावून सगळ्यांना दाखवत होती. मनीषाच्या समोर. तिला काही माहीत नव्हतं, हे कबूल. पण माझ्या अंगावर किडे चालल्यासारखं झालं.

मी उठले आणि तो तुकडा तिच्या हातातून ओढला. "मन्हं शे ते," म्हटलं. "मीच कापेल शे. मन्ही नजर गयी, तिन्ही नही. विमलनं दुरुस्त कराले ठेयेल व्हतं."

"वाटनंच मले!" भावजय म्हणाली. "तरी म्हनू, विमलताई असं कसं कापी? आक्का, आते तुम्ही चष्मा बदला, नही तं मशीन इकी टाका."

सगळ्या हसल्या. हसू दे. मी गाठोडं बांधलं, काखेत मारलं, आणि भिंतीपलीकडे माझ्या घरी आले. आता गावभर झालंय की आक्काचं मशीन आंधळं झालं. परवा एकीनं नातीचा फ्रॉक परत नेला. ने बाई.

त्याच दिवशी ऊन कलल्यावर मनीषा आली. माझ्या उंबऱ्यावर बसली, आत येईना.

"मावशी, तुले समजी गयं ना?"

"आत ये आधी."

"मायनी कोणाले सांगेल नव्हतं. मीच सांगू नको म्हनी."

मग ती बोलली. इतकं बोलताना मी तिला लहानपणीसुद्धा ऐकलं नव्हतं. सासू तिला पाहुणे आले की आतल्या खोलीत बसायला सांगते. लग्नकार्यात नेत नाहीत. नवरा काही बोलत नाही, पण खाट वेगळी टाकतो. नणंद एकदा म्हणाली, तिच्या हातची भाकरी मला चालणार नाही. हे ऐकून मला काय झालं ते मी लिहिणार नाही, कारण त्याला शब्द मिळाले तरी ते चांगल्या घरातले नसतील. ती गाठ गेली, विमल, पण घाण तर ह्या माणसांच्यात राहिली, आणि हिलाच म्हणतात, बाजूला हो.

तू दार लावून तिचं माप घेतलंस, हे तिनं सांगितलं. त्या अस्तराच्या खिशात घालायला तू आधी घरच्या कापसाची उशी केलीस. दिसायला बरी, पण हलकी, तिच्या आधीच्या पोलक्यात घालून बघितली तर ते त्या बाजूनं वर चढायचं. मग तू कापसात मोहरी मिसळलीस, बाळाच्या उशाला घालतो तशी, तळहातावर तोलत तोलत, उजवीकडच्या वजनाशी. मनीषा म्हणाली, "माय हाशी ऱ्हायनी व्हती. म्हने, पोरी, मी तुले भाजीबाजारमा इकाले निंघनू का, असं मापी ऱ्हायनू." आणि तिला हसू फुटलं, आणि मला पण. रडता रडता दोघी हसलो. तू नव्हतीस म्हणून बरं, नाहीतर तू म्हणाली असतीस, कापडावर पाणी पाडू नका.

मग मी ते शिवायला घेतलं.

आता आपलं भांडण. मला मापाचं पोलकं मिळणार नव्हतं. ह्या अंगाचं जुनं पोलकं कुठून येणार? ते अंगच नवं आहे. तू म्हणायचीस तसं, समोर उभी आहे तिलाच शिवायचं होतं. तेव्हा हा डाव तुझा, घे. पण खूश होऊ नकोस एवढ्यात.

मी तुझ्या खुणांवरून कच्चा धावदोरा घातला, लांब लांब टाक्यांनी, म्हणजे उसवायला सोपं. तुझी मोहरीची उशी खिशात सरकवून मनीषाला घालायला दिलं. दार लावलं. तिनं माझ्याकडे पाठ केली, मी म्हटलं तसंच राहा, मी पाठ बघते. पोलकं बसलं, इतकं चपखल बसलं की मला तुझा हेवा वाटला. मग मी आरसा तिच्यापुढे धरला. तिनं एकदा बघितलं, दोन्ही बाजू सारख्या. परत बघितलं. आणि ती सरळ झाली गं. खांदे मागे गेले, मान वर आली. इतके दिवस पोर डावा खांदा पुढे घेऊन, वाकून, आपल्या अंगावर आपणच सावली धरून चालत होती, आणि तू तिचं माप तशीच वाकलेली असताना घेतलंस. ती सरळ झाल्याबरोबर खांद्याची शिवण ताणली, पाठीत आडवी सुरकुती पडली, आणि कच्चा टाका तटतट तुटला.

पाहिलंस? टेप!

मला तुझा राग आला, नेहमीचा, जुना राग, आणि किती बरं वाटलं म्हणून सांगू. बोलायलाच लागले तुझ्याशी, मोठ्यानं. मनीषा घाबरली, म्हणाली, मावशी, कोनशी बोली ऱ्हायनी? म्हटलं, तुझ्या आईशी, मधे पडू नको.

मग मी खांद्याची शिवण उलटून बघितली. बाकी सगळीकडे तू शिवणीबाहेर बोटभर कापड सोडतेस, ना कमी ना जास्त, त्यावरून आपण भांडलोय. इथे खांद्याला आणि डाव्या पाठीला तू सोडलं होतंस चार बोटं. चार बोटं, विमल! नीट दुमडून, हातानं बारीक तुरपाई करून, रुतू नये असं. कुणी कापडाची एवढी नासाडी करतं का? तू तर कधीच नाही.

मी ते हातात धरून बसले. तुला माहीत होतं का, ती सरळ होईल? की तुला तशी आशा होती नुसती, आणि आशेपुरतं कापड सोडलंस? की तुझ्या डोक्यात ते तुटके इंच वजा करायचे राहिले? हे आता मी कुणाला विचारू? तू मशीन जोरात चालवण्याऐवजी एकदा तोंडानं बोलली असतीस तर? मी कुणाला सांगणार होते? ह्याच्यावर माझा राग आहे, तो जात नाही. पण ते चार बोटं कापड मी सोडवलं, तंतोतंत पुरलं.

आता पोलकं होत आलंय. काज नको म्हटलं तिनं, हुकं हवीत, उजव्या हातानं लावता येतील अशी. ती लावते आहे. घाई करत नाही.

आखाजी जवळ आली, आपली अक्षय्य तृतीया. ज्योती मनीषाला बोलावणार नाही असं नाही, पण घरात सुरतची मंडळी राहायला आहेत, आणि त्या भावजयीपुढे बसायची मनीषाची इच्छा नाही. मी तिला सांगितलं, तुझं माहेर ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आहे, तू माझ्याकडे उतर. तिच्या सासूलाही निरोप धाडला, आखाजीला लेक माहेरी येते, तुम्ही कोण अडवणार. मागच्या दारी कडुनिंबाला दोर बांधायला लावणार आहे. झोक्यावर बसलं की दोन्ही हात वर जातात, दोराला धरायला. तिचा डावा हात अजून पुरता वर जात नाही. काख मी आणखी थोडी मोकळी केलीय, बघू. आणि गावातल्या सगळ्या लेकी असतील तिथे, सगळ्यांच्या देखत तिला बसायचंय. ती म्हणते, बसेन. सकाळी फोनवर म्हणते बसेन, दुपारी म्हणते नको.

आखाजीला गेलेली माणसं घरी जेवायला येतात, तूही त्या दिवशी येशीलच. ज्योती घागर भरेल, वर डांगराचं फळ, आंबा ठेवेल, उंबऱ्यावर तुझ्या नावानं घास काढेल. तिथे जा, पोरीनं रांधलेलं जेव, मांडे जाड झाले असले तरी नावं ठेवू नकोस. आणि जेवून तिथेच लवंडू नकोस, भिंतीला वळसा घालून माझ्या मागच्या दारी ये. तिला झोका द्यायला मी एकटी पुरायची नाही, माझे गुडघे तुला माहीत आहेत. पाठीमागून एक हात तुझा लागला तर ती बसेल.

लवकर ये हं, बाया जमायच्या आत.